जुना कॅसेट डेक भंगारात देण्यापूर्वी

घर रंगवायला काढले, की माळ्यावरून खाली उतरणाऱ्या सामानात एक वस्तू अजूनही अनेक घरांत आढळते : धूळ खात पडलेला कॅसेट डेक, नाहीतर मुठीचा टू-इन-वन. शेजारी बुटांच्या खोक्यात किंवा पत्र्याच्या पेटीत तीस-चाळीस कॅसेटी असतात. घरातील तरुण मंडळी विचारतात, हे कशाला ठेवले आहे? वडीलधाऱ्यांना उत्तर ठाऊक असते, पण ते पटवून देता येत नाही. कारण यंत्र चालत नाही आणि न चालणाऱ्या यंत्राची बाजू घेणे अवघड असते. मग भंगारवाला दारावर येतो, काटा लावतो आणि विषय संपतो. प्रस्तुत लेखात मला या यंत्राची बाजू घ्यायची आहे. हा डेक भंगारात देऊ नये. तो घरीच, आपल्या हाताने दुरुस्त करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या वस्तूंच्या हौसेचा हा प्रश्न नाही. त्या पेटीत जे आहे ते दुसरीकडे कोठेही नाही, हा प्रश्न आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही छोटी कॅसेट प्रथम लोकांपुढे मांडली. आपल्याकडे ती घराघरांत पोहोचली १९८०च्या दशकात. तोवर आवाज टिकवून ठेवण्याची साधने मुख्यतः दोनच होती, ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी; आणि त्या दोन्हींच्या दारातून कोणी आत यावे हे आपल्यापैकी कोणी ठरवीत नव्हते. कॅसेटने हे दार मोडले. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, या स्वस्त साधनामुळे बड्या कंपन्यांची मक्तेदारी कशी सैल झाली आणि प्रादेशिक व स्थानिक गायनाला बाजारात कशी जागा मिळाली, याचा उत्तर भारताच्या संदर्भात सविस्तर मागोवा घेतला आहे. आपल्याला तो ग्रंथ न वाचताही हे ठाऊक आहे. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे स्टॉल लागत आणि परतताना पिशवीत ग्रंथाबरोबर एखादी कॅसेट असे. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्त्यावस्त्यांत पोहोचले ते बऱ्याच अंशी या प्लॅस्टिकच्या डबीतून.

तथापि, ज्या कॅसेटी बाजारात विकल्या गेल्या त्यांची मला फारशी काळजी नाही. त्यांच्या हजारो प्रती निघाल्या. त्यांतील पुष्कळ गाणी आज मोबाइलवर ऐकू येतात. काळजी आहे ती दुसऱ्या प्रकारच्या कॅसेटींची. कोऱ्या कॅसेटवर घरच्या टू-इन-वनने टिपलेली चौदा एप्रिलची सभा, गावातील गायनपार्टीचा रात्रभर चाललेला सामना, वर्षावासातील भंतेजींची धम्मदेसना, लग्नात बायकांनी म्हटलेली गाणी, परगावी नोकरीला असलेल्या मुलासाठी आईवडिलांनी बोलून पाठवलेले ‘पत्र’. वामनदादा (१९२२–२००४) गावोगाव हिंडले, गायले. एखाद्या ओट्यावर त्यांच्यासमोर कोणी टेपरेकॉर्डर ठेवला असेल, तर ती रात्र त्या एकाच कॅसेटवर आहे. अशा कॅसेटची दुसरी प्रत बहुधा नसते. तिच्यावर लेबल असते ते ‘जयंती, भाग दोन’ एवढेच, नाहीतर तेही नसते.

या मुद्रणात आवाज स्वच्छ नसतो, हे मान्य. टू-इन-वनचा अंगचा मायक्रोफोन समोरचे सगळे काही टिपून घेई : गाणे, ढोलकी, मध्येच रडणारे मूल, मागे भुंकणारे कुत्रे आणि ‘अहो, पाणी द्या त्यांना’ असे कोणाचे तरी बोलणे. स्टुडिओतला मनुष्य याला दोष म्हणेल. मी म्हणणार नाही.

आता हा आवाज कशावर आहे, ते पाहू. कॅसेटमधील फीत चार मिलिमीटरहूनही थोडी अरुंद असते. पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा, साध्या कॅसेटीत लोहाच्या ऑक्साइडचा, लेप डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेला असतो. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे नव्वद मीटर फीत असते आणि ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडवरून सरकते. लेप, डिंक आणि पट्टी तिन्ही वृद्ध होतात. त्यात आपल्याकडचा पावसाळा. दमट माळ्यावर चार महिने गेले, की फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. ज्या घरांत कॅसेटी तीस-चाळीस वर्षांपूर्वी भरल्या गेल्या, त्या घरांना अजून फार काळ हाताशी आहे असे समजू नये.

कॅसेट एक वेळ टिकेल, पण ती वाजवायची कशावर? नवे स्वस्त प्लेअर बाजारात मिळतात; ते मी वापरून पाहिले आहेत. त्यांची यंत्रणा हलकी असते, फीत एकसारख्या वेगाने चालत नाही आणि स्वर पाण्यावरच्या सावलीसारखा हलतो. यांच्या तुलनेत १९८०-९०च्या दशकातला चांगला डेक, आज बंद असला तरी, कितीतरी सरस यंत्र आहे. त्याच्या आत जड चक्र असते, नेमका घडवलेला पोलादी दांडा असतो, आणि मुख्य म्हणजे तो उघडता येईल, भाग बदलता येतील, अशा बेताने बनवलेला असतो. झाकणाचे चार-सहा स्क्रू काढले, की सगळे समोर दिसते.

या शाळेतून बाहेर पडल्यावर मी इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय-अभ्यासक्रम केला आणि पुढे बरीच वर्षे तोच विषय शिकवला. त्या अनुभवावरून सांगतो : बंद पडलेल्या डेकपैकी बहुतेकांत विजेचा दोष नसतोच. दोष असतो रबराचा, मळाचा आणि सुकलेल्या ग्रीसचा. ‘मशीन गेली’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात एक रबरी बेल्ट गेलेला असतो. मोटर फिरत असते, पण तिची गती चक्रापर्यंत पोहोचत नाही. कधी बेल्ट सैल पडून घसरतो, मग गायकाचा आवाज जड होतो. कधी तो चक्क वितळून डांबरासारखा चिकट होतो. तो स्पिरिटने पुसत बसावे लागते आणि हात काळे होतात, पण त्यापलीकडे त्यात अवघड काही नाही. डेक ‘टेप खातो’ ही दुसरी सार्वत्रिक तक्रार. फीत पुढे सरकते, पण ती गुंडाळून घेणारे रीळ फिरत नाही. म्हणून ती बाहेर सांडते आणि रोलरभोवती गुंतते. कारण पुन्हा तेच, गुळगुळीत झालेले रबराचे छोटे चाक.

नवा बेल्ट आणताना जुन्याची लांबी मोजून नेणे पुरेसे नाही, कारण जुना ताणलेला असतो. त्याहून पाच-दहा टक्के आखूड बेल्ट घ्यावा. जुना वितळून गेला असल्यास ज्या मार्गाने तो फिरत होता त्या मार्गावर दोरा फिरवून लांबी घ्यावी आणि तेवढीच सूट धरावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात असे बेल्ट धुंडाळता येतात, आणि आता ते टपालानेही मागवता येतात. हेड आणि पोलादी दांडा यांवर साचलेली तपकिरी पूड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावी. रबराच्या रोलरला पेट्रोल किंवा थिनर लावू नये, रबर मरते. साबणाच्या पाण्याचे ओले फडके त्याला पुरते. मेणासारखे घट्ट झालेले जुने ग्रीस खरवडून काढावे आणि नवे अगदी नखभर लावावे. एक बाजूच वाजते, खरखर येते, बटण हलवले की आवाज परततो, अशी लक्षणे असली तर आतील रेकॉर्ड-प्लेचा लांबट स्विच मळला आहे असे समजावे. त्यात काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून तो पंधरा-वीस वेळा मागेपुढे करावा.

उघडण्यापूर्वी प्लग काढावा आणि थोडा वेळ थांबावा. प्रत्येक पायरीचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. स्क्रू कोठला कोठे, याचे भांडण नंतर होत नाही. ट्रान्सफॉर्मर आणि मुख्य विजेची बाजू मात्र शिकलेल्या माणसाशिवाय कोणी हाताळू नये. चुंबकत्व आलेला स्क्रू ड्रायव्हर हेडजवळ नेऊ नये.

वेग बरोबर आहे का, हे तपासण्याची एक घरगुती रीत सांगतो. ती मुलांना फार आवडते. एखादी टाकाऊ कॅसेट घ्यावी, तिची ४ मीटर ७६ सेंटिमीटर फीत मोजून दोन्ही टोकांना पेनाने खूण करावी आणि डेकवर लावावी. पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत जायला बरोबर शंभर सेकंद लागले पाहिजेत. कमीअधिक लागल्यास पुष्कळ डेकांच्या मोटरच्या पाठीला एक बारीक छिद्र असते. त्यातील स्क्रू केसभर फिरवावा आणि पुन्हा मोजावे. भागाकार, मापन, संयम हे सारे या एका प्रयोगात येते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. हेडच्या बाजूला, स्प्रिंगवर बसवलेला एक लहान स्क्रू असतो. त्याने हेडचा कल ठरतो. कारखान्यात तो एका प्रमाणित फितीवर जुळवलेला असतो आणि विकतच्या कॅसेटींना तो चालतो. पण घरी, एखाद्या जुन्या टू-इन-वनवर भरलेली कॅसेट त्या टू-इन-वनच्या हेडचा कल घेऊन आलेली असते. तो सरळ असेल, तिरका असेल. जसा होता तसा. आपल्या डेकवर ती लावली, की आवाज रजईखालून आल्यासारखा येतो. लोक म्हणतात, कॅसेट खराब झाली. ती खराब झालेली नसते. मूळच्या जागेची खूण करून तो स्क्रू हळूहळू फिरवत गेले, की एका ठिकाणी एकदम पडदा सरकल्यासारखे होते : टाळी टाळीसारखी वाजते, ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू येतात. ऐकणाऱ्या यंत्राने आपले डोके बोलणाऱ्या यंत्राच्या कलाने वळवायचे, एवढीच ही क्रिया आहे. पण ती प्रत्येक घरगुती कॅसेटसाठी नव्याने करावी लागते.

आणि म्हणूनच ‘शहरात दुकानात द्या, ते पेनड्राइव्हवर भरून देतात’ हा सल्ला मला मान्य नाही. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने अशाच एका दुकानात अकरा कॅसेटी दिल्या. परत आलेले ध्वनिमुद्रण सगळे रजईखालचे होते, दोन कॅसेटींच्या केवळ पहिल्या बाजू उतरवल्या होत्या, आणि ‘आवाज स्वच्छ करण्याच्या’ नावाखाली खरखरीबरोबर बोलणाऱ्यांचे श्वासही पुसले गेले होते. दुकानदार लबाड नव्हता. त्याला त्या आवाजांत कोण आहे हे ठाऊक नव्हते आणि एका कॅसेटवर अर्धा तास स्क्रू फिरवत बसणे त्याच्या धंद्यात बसत नव्हते. हे काम ज्याच्या आजीचा आवाज आहे त्यानेच करण्याचे आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्याकडे ‘डॉल्बी’ म्हटले, की मिरवणुकीतील भिंतीएवढे स्पीकर आणि छातीत बसणारे हादरे आठवतात. डेकवर जे ‘डॉल्बी’ असे बटण असते, त्याचे काम नेमके उलटे : फितीची सळसळ कमी करून शांतता वाढवणे. ज्यांचे हे नाव, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतातच होते. त्यानंतर त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. जयंतीच्या रात्री त्यांचे नाव आपण कशाला जोडले आहे हे त्यांना कळले असते, तर काय वाटले असते कोण जाणे. घरगुती कॅसेट बहुधा डॉल्बीविना भरलेली असते. ती वाजवताना हे बटण बंदच ठेवावे.

आता आक्षेपाकडे वळतो, कारण तो मी आपल्याच माणसांकडून ऐकला आहे. एका पालकांनी मला सरळ विचारले, “सर, आमच्या आजोबांनी हातांनी काम केले, वडिलांनी केले; आम्ही पोरांना वसतिगृहात घातले ते हात काळे करण्यासाठी का?” हा प्रश्न हलक्याने घेण्यासारखा नाही. आपल्या वाट्याला हाताचे काम आले ते निवडीने आले नव्हते. जन्माने लादले गेले होते. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. त्या सक्तीतून बाहेर पडण्यासाठी शाळा उभ्या राहिल्या, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यातून एक गोष्ट नकळत घडली. हाताच्या कामाचा जो अपमान व्यवस्थेने आपल्यावर लादला होता, तो आपणच आतून स्वीकारला. आपला अभियंता मुलगा परदेशी कंपनीसाठी आज्ञावली लिहितो आणि घरातला मिक्सर बंद पडला, की नवा मागवतो.

बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते. यंत्र मनुष्याला राबण्यातून सोडवते, फुरसत देते आणि फुरसतीतूनच संस्कृती घडते, अशी त्यांची भूमिका होती. मला यात एवढेच जोडावेसे वाटते, की जे यंत्र आपल्याला उघडता येत नाही, त्याचे आपण ग्राहक असतो, धनी नसतो. डेक उघडणारी मुलगी आजोबांच्या राबण्याकडे परत जात नाही. ती कारण आणि कार्य यांचा संबंध डोळ्यांनी पाहत असते : बेल्ट सैल झाला म्हणून चक्र मंदावले, चक्र मंदावले म्हणून आवाज जड झाला. हे कारण नाहीसे केले, की हे कार्यही नाहीसे होते. आपल्या शाळेत हा विचार वेगळ्या शब्दांत रोज सायंकाळी शिकवला जातो. त्याला हातात धरता येईल असे उदाहरण मिळाले तर काय बिघडले?

आक्षेपाचा दुसरा भाग वेळेचा आहे आणि त्यात तथ्य आहे. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटांतच उतरते; तेथे घाई चालत नाही. तीस कॅसेटी म्हणजे दोन महिन्यांचे रविवार. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान दोन गोष्टी आजच कराव्यात. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन लहान कान असतात, ते मोडून टाकावेत, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. आणि कॅसेटी माळ्यावरून उतरवून कोरड्या कपाटात, स्पीकरपासून दूर, उभ्या ठेवाव्यात. बुरशी धरलेली कॅसेट डेकमध्ये घालू नये. ती बुरशी हेडवाटे पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते.

आपल्या शाळेला माझी विनंती मोठ्या प्रकल्पाची नाही. संगणककक्षाचा एक कोपरा, दुरुस्त केलेले दोन डेक, आणि नववी-दहावीतील ज्यांना रस आहे अशी सहा-आठ मुले-मुली एवढे पुरे. डेक माजी विद्यार्थ्यांच्या माळ्यांवर आहेतच. दोन मी स्वतः देतो आणि दिवाळीच्या व वर्षाअखेरच्या सुट्टीत येऊन शिकवतोही. डेकच्या लाइन-आउटमधून वायर संगणकाला जोडायची, मोबाइल स्पीकरसमोर धरून भरायचे नाही. ऑडॅसिटीसारखी विनामूल्य आज्ञावली पुरते. मूळ ध्वनी जसाच्या तसा वेव्ह स्वरूपात ठेवायचा, सफाई करायची ती प्रतीवर. शाळेच्या कार्यालयातील कपाटात जुन्या स्नेहसंमेलनांच्या कॅसेटी आहेत. आरंभ त्यांपासून करावा, म्हणजे शिकताना काही बिघडले तर ते बाहेरच्यांच्या ठेव्याचे बिघडणार नाही.

बाहेरच्यांच्या कॅसेटींबाबत मात्र नियम कडक असावा. कॅसेट मालकासमोर लागेल आणि त्याच दिवशी परत जाईल. घरगुती बोलणे असेल तर त्याची प्रत शाळेकडे राहणार नाही. सभा, जलसे, गायन यांची प्रत ठेवायची की नाही, आणि ती कोणाला ऐकू द्यायची, हे त्या घराने ठरवावे, आपण नव्हे. यावर काही मित्रांचे मत वेगळे आहे. ते म्हणतात, हा समाजाचा ठेवा आहे, तो खुला असावा. मला ते तितके सोपे वाटत नाही. लग्नात खुल्या गळ्याने गाणाऱ्या बायकांनी आपण सबंध जगासाठी गात आहोत असे समजून गायिले नव्हते.

आणि नावांचे काय? लेबलवर मंडळाचे नाव असते, बुवांचे असते. कोरसमधील बायकांचे नसते, ढोलकी वाजवणाऱ्याचे नसते. हे आवाज ओळखणारी माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. तेव्हा प्रत्येक कॅसेट उतरताना शेजारी एक वही असावी आणि शक्य तेथे एक वृद्ध व्यक्ती बसलेली असावी. कोणत्या मिनिटाला कोण गाते, गाव कोणते, साल साधारण कोणते, हे मुलांनी विचारून लिहावे. ‘ही सोनगावची नव्हे, ही तिची धाकटी जाऊ’ असे सांगणारे कोणी जवळ असेपर्यंतच ही वही भरता येईल.

माजी विद्यार्थी मेळाव्याला येताना ज्यांच्याकडे अशा कॅसेटी आहेत त्यांनी त्या डब्यात घालून आणाव्यात. एकशेवीस मिनिटांच्या असतील तर त्या वेगळ्या बांधाव्यात. त्यांची फीत फार पातळ असते, ती पुन्हापुन्हा मागेपुढे करून पाहू नये. फीत तुटलेली असेल तर साधी चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक झिरपतो आणि वेटोळी एकमेकांना चिकटतात. तुटकी टोके तशीच ठेवून कॅसेट आणावी. जोडण्याची खास पट्टी माझ्याजवळ आहे.